शहामृगी डायनोसॉरच्या पायाचे हाड कसे पारखावे

ऑर्निथोमिमिड कुळातील, म्हणजे शहामृगासारख्या बांध्याच्या डायनोसॉरची हाडे प्रामुख्याने उत्तर अमेरिका आणि मंगोलिया येथील क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धातील, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातील खडकांत सापडतात. म्हणून बडोद्यात कोणी असे हाड दाखवले, तर ते मूळ कोठले, हे सर्वांत आधी विचारावे. ‘रैयोलीचे आहे’ (गुजरातमधील डायनोसॉर जीवाश्मांचे ठिकाण) असे उत्तर आल्यास सावध व्हावे, कारण तेथील प्रसिद्ध मांसाहारी डायनोसॉर राजासॉरस अगदी निराळ्या कुळातला आहे. जबलपूरच्या काही मणक्यांना १९३३ मध्ये ‘ऑर्निथोमिमॉइडिस’ हे नाव मिळाले होते खरे, परंतु आज तेही या कुळाचे मानले जात नाहीत.

हाड मऊ कापडावर ठेवून ते तळपायाचे लांब हाड आहे, बोटाचे पेर आहे की नख, हे ठरवावे. पेरांच्या दोन्ही बाजूंना अस्थिबंधांचे खळगे दिसतात, मात्र ते बहुतेक मांसाहारी डायनोसॉरमध्ये असल्याने त्यावरून कुळ ठरत नाही. नख फारसे वाकडे नसते व त्याचा तळ सपाट असतो. खरी परीक्षा तळपायाच्या लांब हाडांची. अशा तीन हाडांपैकी मधले हाड वर जाताना शेजारच्या दोघांत चिमटले जाऊन इतके निमुळते होते, की वरच्या टोकाशी समोरून ते जवळजवळ दिसेनासे होते. शहामृगात ही हाडे एकजीव झालेली असतात, येथे ती सुटी असतात. चिमटलेली रचना टायरॅनोसॉरसच्या कुळातही आढळते. त्यामुळे केवळ तेवढ्यावर निकाल न देता हाडाचा सडपातळपणा, आकारमान आणि खडकाचे ठिकाण यांचा एकत्र विचार करावा.

त्यानंतर दहापट भिंगाने पृष्ठभाग पाहावा. खऱ्या हाडाचे बारीक तंतू सलग जातात. प्लास्टर भरून रंगवलेल्या जागी ते एकाएकी थांबतात आणि रंग खाचांत साचलेला दिसतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च धरल्यास डिंकाचे सांधे बहुधा वेगळ्या रंगात चमकतात. तुटलेल्या टोकाशी आतली पोकळी दिसली, तर नवल नाही. या प्राण्यांची लांब हाडे पोकळच असतात.

हाड पाण्याने धुऊ नये. पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावे, कारण आत पायराइट (लोह व गंधकाचे खनिज) असल्यास दमट हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन फिकट भुकटी सुटते आणि हाड तडकते. विकत घ्यायचे असल्यास कागदपत्रे नीट वाचावीत: मंगोलियात जीवाश्म सरकारी मालकीचे असतात, आणि कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातूनही ते परवानगीवाचून बाहेर नेता येत नाहीत. शंका उरल्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात हाड दाखवावे, मात्र सोबत उगमस्थानाची चिठ्ठीही न्यावी.