सायबर सिक्युरिटी आणि एआयमध्ये एम.टेक. करताय? या चुका टाळा

उन्हाळा आला की पुण्यातल्या कॉलेजांमधून व्हायव्हाची बोलावणी येतात. एरवी मी हिंजवडीत बसून सायबर हल्ल्यांचे अलर्ट निस्तरतो, त्या दिवसांत रजा टाकून प्रोजेक्ट बघतो. विषय भारी असतात, स्लाइड्स चकचकीत असतात आणि चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ९९.८ टक्के अचूकता.

मागे एका पोरानं घुसखोरी ओळखणारं मॉडेल दाखवलं. डेटासेट नेहमीचाच, सीआयसी-आयडीएस २०१७, म्हणजे नेटवर्कवरच्या रहदारीच्या नोंदींचा संच. कॅनडातल्या संशोधकांनी जुलै २०१७ मध्ये प्रयोगशाळेतल्या नेटवर्कवर पाच दिवसांत तो बनवला. सोमवारी सगळं शांत, मंगळवारी पासवर्डचा भडिमार, बुधवारी डॉस (सर्व्हर ठप्प पाडणं), शुक्रवारी पोर्ट स्कॅन (मशीनचे कोणते पोर्ट उघडे आहेत ते चाचपणं) आणि डीडॉस (अनेक मशीनवरून डॉस), असं हल्ल्यांचं वेळापत्रकच आहे त्यात. पोराचा आकडा बघून गाइड खूश होते. मी म्हटलं, "मॉडेलचा भर कोणत्या फीचरवर, म्हणजे डेटातल्या कोणत्या रकान्यावर आहे, तेवढं दाखव." चार्टमध्ये सगळ्यात वर सोर्स आयपी (रहदारी कुठून आली तो पत्ता), त्याखाली टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद).

"हा १७२.१६.०.१ कोण रे?"

पोरगं गप्प. हल्ले बाहेरच्या मशीनवरून झाले होते, पण फायरवॉलमधून आत येताना पत्ता बदलतो आणि डेटात बहुतेक ठिकाणी हाच एक दिसतो. म्हणजे मॉडेलनं हल्ला ओळखलाच नव्हता, हल्लेखोराचा पत्ता पाठ केला होता.

"सर, पण अ‍ॅक्युरसी तर..."

"ते दोन रकाने काढ. मंगळवार-बुधवारवर शिकव, शुक्रवारवर तपास. जेवून येतो मी."

परत आलो तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. शुक्रवारचे बहुतेक पोर्ट स्कॅन मॉडेलनं साधी रहदारी म्हणून सोडून दिले होते. खरं तर प्रबंधात लिहिण्यासारखं हेच होतं. पण व्हायव्हाच्या दिवशी कळून काय उपयोग?

माझी सवय सांगतो. मॉडेलला हात लावण्याआधी शे-दोनशे ओळी डोळ्यांनी वाचायच्या आणि प्रत्येक रकान्याला विचारायचं: उद्या हल्लेखोर दुसऱ्या मशीनवरून, दुसऱ्या वेळी आला तर तुझा उपयोग काय? उत्तर नसेल तर रकाना बाद. डेटा आधी पत्त्यांसारखा पिसून मग ट्रेन (शिकवायला) आणि टेस्ट (तपासायला) असा वाटायचा नाही. जुन्यावर शिकवायचं, नव्यावर तपासायचं. आणि प्रत्येक हल्ल्याच्या किती नोंदी आहेत ते मोजायचं. याच डेटासेटच्या सुमारे २८ लाख ओळींत सर्व्हरच्या मेमरीतला डेटा चोरणाऱ्या हार्टब्लीड हल्ल्याच्या आहेत अवघ्या ११. त्यावर "१०० टक्के डिटेक्शन" लिहिणाऱ्याला मी पुढचा प्रश्नच विचारत नाही. शिवाय यातल्या ८० टक्के नोंदी निरुपद्रवी आहेत. डोळे मिटून सगळ्यांना "ठीक" म्हटलं तरी ८० टक्के अचूकता पदरात पडते.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे खोट्या अलार्मचा हिशेब न करणं. समजा, दिवसाला १० लाख नोंदी येतात आणि त्यात खरे हल्ले १० आहेत. तुमचं मॉडेल ९९ टक्के हल्ले पकडतं आणि फक्त १ टक्का चांगल्या नोंदींवर ओरडतं. ऐकायला झकास. पण म्हणजे रोज जवळपास १०,००० खोटे अलार्म, आणि त्या गर्दीत दहा खरे. रात्रपाळीची दोन माणसं ते बघणार कधी? तिसऱ्या दिवशी ती तुमचं टूल म्यूट करून चहाला जातात, आणि त्यांचं काही चुकत नाही. संशोधक स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी हे गणित १९९९ मध्येच मांडून ठेवलंय. प्रिसिजन (अलार्मपैकी खरे किती), रिकॉल (हल्ल्यांपैकी पकडले किती) आणि दिवसाला किती खोटे अलार्म, हे तिन्ही लिहा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

स्मोट (कमी नोंदींच्या हल्ल्यांचे कृत्रिम नमुने बनवणारं तंत्र) लावायचं तर वाटणीनंतर आणि फक्त ट्रेनवर. आधी लावलंत तर टेस्टचा अंश ट्रेनमध्ये गेलाच म्हणून समजा.

एनएसएल-केडीडी हा डेटासेट म्हणजे केडीडी ९९ या जुन्या डेटासेटचं साफसूफ केलेलं रूप, आणि मूळ रहदारी १९९८ ची. सरावाला ठीक. पण प्रस्तावनेत कॉसमॉस बँकेचे २०१८ साली सायबर हल्ल्यात गेलेले ९४ कोटी आणि प्रयोग या डेटावर, हे पुण्यात इतक्यांदा पाहिलंय की पहिलं पान मी आता वाचतच नाही. त्या प्रकरणात एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार बँकेशी जोडणारी यंत्रणा) होता, स्विफ्ट (बँकांमधली पैसे पाठवण्याच्या संदेशांची यंत्रणा) होतं. यातलं तुमच्या डेटात काय आहे?

ट्रान्सफॉर्मरवर (चॅटबॉटमागचं एआय मॉडेल) तासभर बोलणारी मुलं थ्री-वे हँडशेक (दोन मशीन टीसीपी जोडणी सुरू करताना करतात ती तीन संदेशांची देवाणघेवाण) विचारला की छताकडे बघतात. "तीस दिवसांत एथिकल हॅकर" छाप रील्स बंद करा, वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) उघडा आणि स्वतःच्याच लॅपटॉपचं ट्रॅफिक वाचा. कंटाळा येतो, मान्य. नोकरीतही हेच वाचायचंय.

अ‍ॅडव्हर्सेरियल हल्ला (इनपुटमध्ये बारीक बदल करून मॉडेलला फसवणं) दाखवताना चित्रातले पिक्सेल हलवावेत तसे पॅकेटचे आकडे हलवू नका. बदलल्यावर ते पॅकेट खरोखर पाठवता येतं का, ते आधी बघा.

मालवेअरचे नमुने चालवायचे ते व्हीएममध्ये (संगणकातला आभासी संगणक), नेटवर्क तोडून. व्हीएम ब्रिज मोडवर, म्हणजे थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडून ठेवून हॉस्टेलचं वायफाय वापरणारे महाभाग भेटलेत मला.

आणि "प्रोजेक्टसाठी" म्हणून कॉलेजचं किंवा सोसायटीचं नेटवर्क परस्पर स्कॅन करू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरलात तर आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गाइड तोंडी "कर की" म्हणाले, एवढ्यावर जाऊ नका. ज्यांचं नेटवर्क आहे त्यांची सही, तारीख आणि आयपींची यादी असलेला कागद आधी हातात घ्या.