डिस्कॉर्डवर इमोजी-बॉट लावताना

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपमधल्या आपल्या सर्व्हरवर (म्हणजे ग्रुपवर) इमोजी सांभाळणारा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, घेताना तो कित्येकदा थेट ॲडमिनिस्ट्रेटरची, म्हणजे सगळ्या अधिकारांची, परवानगी मागतो. देऊ नका. इमोजी टाकणं, नाव बदलणं, काढणं यासाठी 'क्रिएट एक्स्प्रेशन्स' आणि 'मॅनेज एक्स्प्रेशन्स' एवढ्या दोनच परवानग्या लागतात. घरात माळ्याला बोलावलं म्हणून कोणी तिजोरीची किल्ली देत नाही.

मग बॉटच्या कमांड कोणाला चालतील ते ठरवा. सर्व्हर सेटिंग्ज, इंटिग्रेशन्स, तिथे बॉट निवडून कमांड फक्त मॉडरेटरच्या (ग्रुपवर देखरेख करणाऱ्यांच्या) रोलला आणि एका वेगळ्या चॅनेलला बांधून टाका. हे करायचं राहून गेलं, तर साध्या सर्व्हरच्या 50 स्थिर आणि 50 हलत्या जागा भरायला एक रविवार पुरतो! चित्र 256 केबीच्या आत हवं. स्थिर इमोजीसाठी 128 बाय 128 पिक्सेलचं चौकोनी पीएनजी घ्या, म्हणजे अडत नाही. नावात रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर चालतात, नाव किमान दोन अक्षरी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नाव बदलताना. जुना इमोजी काढून तोच नव्या नावाने पुन्हा चढवू नका. डिस्कॉर्ड प्रत्येक इमोजीला आयडी देतं आणि मेसेजमधला इमोजी ओळखला जातो तो त्या आयडीवरूनच. पुन्हा चढवलं की आयडी नवा, जुन्या मेसेजचा त्याच्याशी संबंध उरत नाही. म्हणून बॉटमधली नाव बदलायची कमांडच वापरा. आणखी एक गंमत: ठरावीक रोललाच इमोजी वापरू देण्याची सोय डिस्कॉर्डच्या ॲपमध्ये दिसत नाही, पण बॉटकडून करता येते.