मंडईसमोरची जागा कुणाची? जुन्या शहरात थीसिस करणाऱ्यांसाठी

बी.आर्क.च्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, पाचव्या वर्षाला थीसिसचे, म्हणजे शेवटच्या मोठ्या डिझाइन प्रोजेक्टचे, विषय ठरायला लागले की दरवर्षी काही मुलंमुली जुन्या गावाकडे वळतात. पुण्यात जुनं गाव म्हणजे पेठा. मला याचा फार आनंद होतो, कारण माझाही थीसिस मंडई-तुळशीबाग परिसरावर होता आणि पुढची बरीचशी कामं त्याच वाटेने मिळत गेली. आता ज्युरीला, म्हणजे ही कामं तपासायला, बसते तेव्हा मात्र भिंतीवर लावलेल्या बऱ्याच शीट्सवर तेच चित्र दिसतं: गाड्या हटवलेल्या, सगळीकडे बेसॉल्टची फरसबंदी, चार झाडं, दोन बाक आणि तुरळक फिरणारी माणसं. पथारीवाला कुठेच नाही. हमाल नाही, टेम्पो नाही, मांडवाचे वासे नाहीत.

या कामात नव्याने येणाऱ्यांना मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे. जुन्या शहरात रिकामी जागा नसते. प्रत्येक तुकड्यावर दिवसाच्या कुठल्या तरी वेळी कुणाचा तरी हक्क असतो. कधी कागदावर, बहुतेकदा वहिवाटीने. तो शोधून काढण्यात डिझाइनचं निम्मं काम होतं.

मंडईचंच बघा. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. १८८६ मध्ये शुक्रवार पेठेत रे मार्केट उभं राहिलं आणि बाजार तिकडे हलवला गेला. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव त्या इमारतीला दिलं होतं. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फाकत गेलेले पंख, ही रचना आजही शहराची खूण आहे. पण या इमारतीच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध झाला होता, आणि तो करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. थीसिसचा पहिला परिच्छेद लिहायच्या आधी हा इतिहास वाचा. सार्वजनिक जागेवर होणारा खर्च कुणासाठी, हा प्रश्न फुल्यांनी तेव्हा विचारला. तुमच्या प्रोजेक्टलाही तो विचारला गेलाच पाहिजे, आणि ज्युरीने विचारायच्या आधी तुम्ही स्वतः विचारावा.

आता साइटच्या कामाकडे. मोजमाप सगळेच घेतात: टेप, लेझर, सिटी सर्व्हेचे नकाशे, प्लॅन (वरून दिसणारा नकाशा), सेक्शन (उभा छेद). ते नीट कराच, जुन्या वाड्याची एक भिंतही काटकोनात नसते. पण त्याच प्लॅनच्या प्रती काढून त्यावर दिवसाची एकेक वेळ रेखाटायला शिका. पहाटे माल उतरतो तेव्हा टेम्पो कुठे उभे राहतात, सकाळी पाट्यांची वाहतूक कुठल्या बोळातून होते, दुपारी सावली कुठे पडते आणि त्या सावलीत कोण बसतं, संध्याकाळी तुळशीबागेतून येणारी गर्दी कुठे अडते, रात्री गाळे बंद झाल्यावर पायऱ्यांवर कोण झोपतं. प्रत्येक वेळेचा वेगळा प्लॅन, एकाच स्केलवर. हे सगळे प्लॅन एकावर एक ठेवले की जी जागा सगळ्यात जास्त काळी होते, तिथे हात घालताना दहा वेळा विचार करा. जी फिकट राहते, तिथे तुम्हाला काम करायला वाव आहे.

विचारायलाही शिका. मंडईत ओट्यावर बसणाऱ्या एका मावशींशी मी बोलत असे. माझ्या ड्रॉइंगमध्ये त्यांच्या ओट्यासमोर छताचा एक खांब येत होता. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि मला ओट्यावर त्यांच्या शेजारी बसवलं. म्हणाल्या, बाळा, इथून बघ. तिथून समोरचा दरवाजा सरळ दिसत होता. गिऱ्हाईक आत शिरताना कुणीकडे वळतंय ते बघून त्या मालावर पाणी शिंपडत, जुड्या पुढे सरकवत, हाक मारत. ओट्याची उंचीही नेमकी होती: बसलेल्या माणसाची नजर उभ्या गिऱ्हाइकाच्या नजरेला भिडेल इतकी, आणि भाजीचा उतार गिऱ्हाइकाच्या हाताला येईल इतका. सेक्शनमध्ये डोळ्याची रेषा काढायची असते हे कॉलेजात शिकवलेलं असतं. ती कशासाठी काढायची, हे मला त्या ओट्यावर बसून कळलं.

नियमांचा भाग थोडक्यात सांगते, पण तो टाळू नका. शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. साइट त्या वर्तुळात येत असेल तर पहिल्याच दिवशी ते वर्तुळ नकाशावर काढा. तिथे राहणाऱ्या वाड्यातल्या कुटुंबांचं पुनर्बांधणीचं दुखणं त्यातूनच समजेल. फुटपाथसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी धरली आहे. आणि पथारीवाल्यांना हलवायचं असेल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. सर्वेक्षण झाल्याखेरीज विक्रेत्याला उठवता येत नाही, असं तो कायदा सांगतो.

उत्सवाचा विचार वेगळा करावा लागतो. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीची सुरुवात मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून होते. तिथे तुम्ही सुंदर कारंजं काढलंत, कमी उंचीची कमान काढलीत किंवा मधोमध झाडांची रांग लावलीत, तर रथ कुठून जाणार? ढोल पथक कुठे उभं राहणार? वर्षातले दहाच दिवस, असं म्हणून सोडून देऊ नका. त्या दहा दिवसांसाठीच ही जागा कित्येकांना आपली वाटते. मांडवाचे खांब रोवायला फरशीत कायमच्या खोबण्या ठेवणं, दिव्यांचे पोल कडेला घेणं, विजेचं कनेक्शन जमिनीखालून आधीच देणं, अशा साध्या गोष्टींतून उत्तम डिझाइन होतं. दरवर्षी खोदले जाणारे खड्डे यातून वाचतात.

संदर्भासाठी परदेशी प्लाझांची पानंच्या पानं लावण्याआधी अहमदाबादचा माणेक चौक पाहून या. दिवसा सराफ बाजार, रात्री तिथेच खाऊगल्ली. कुणीही आर्किटेक्ट नेमलेला नसताना एकच जागा तासांच्या हिशेबाने वाटली गेली आहे. दिल्लीचा चांदणी चौकही पाहा. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा रस्ता २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला आणि दिवसा मोटारींना बंद केला गेला. तिथे काय जमलं आणि काय नाही, हे उन्हात उभं राहूनच कळेल. पुण्यात महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. डिझाइनच्या विद्यार्थ्यासाठी हा दिवस म्हणजे आयती प्रयोगशाळा. कॅमेरा आणि वही घेऊन जा. दुकानदार काय म्हणतात ते विशेष ऐका, कारण त्यांचा विरोध असेल तर तुमची शीट भिंतीवरच राहील.

आणि आता मेट्रो आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं भूमिगत स्टेशन सुरू झालं. माझ्या थीसिसच्या वेळी जिथून माणसं येत नव्हती तिथून आता लोंढे वर येतात. यावर अजून फारसं चांगलं काम झालेलं मी पाहिलेलं नाही. विषय शोधत असाल तर स्टेशनच्या जिन्यापासून भाजीच्या ओट्यापर्यंतचं अंतर, एवढीच साइट घ्या. सगळी पेठ घेऊ नका. लहान साइटवर नळाची तोटी, उतार, गटाराची जाळी, हमालाची हातगाडी वळायची त्रिज्या इथपर्यंत पोचता येतं.

पुढच्या वाटेबद्दल बरेच जण विचारतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्बन डिझाइन आणि कॉन्झर्वेशन (जुन्या वास्तूंचं जतन) या दोन शाखा आहेत; दिल्लीच्या एसपीएमध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात दोन्ही शिकता येतात. पण लगेच जायलाच हवं असं नाही. आधी दोन-तीन वर्षं अशा ऑफिसात काढा, जिथे महापालिकेची रस्त्यांची कामं येतात. तिथे टेंडर ड्रॉइंग, बीओक्यू (कामाच्या बाबी आणि परिमाणांची यादी), कंत्राटदाराशी फरशीच्या जाडीवरून होणारी हुज्जत, हे सगळं शिकायला मिळतं. पगार सुरुवातीला कमीच असतो, घरच्यांना तसं आधी सांगून ठेवा. मुलाखतीला येणाऱ्यांच्या पोर्टफोलिओत मी रेंडर, म्हणजे संगणकावर केलेली देखणी चित्रं, शेवटी बघते. वेळेचे ते प्लॅन असले तर ते आधी उघडते, आणि पहाटेच्या प्लॅनवर टेम्पो कुठे उभे आहेत ते विचारते.