कॅमेऱ्याच्या बदल्यात निर्मात्याचं नाव देऊ नका

माझी पहिली फिल्म पुण्यातल्या स्त्रियांच्या चित्रपट महोत्सवासाठी निवडली गेली आणि तिथे दाखवली मात्र गेली नाही. चार वर्षं झाली, तरी मार्चमध्ये महोत्सवाची पत्रिका हातात आली की माझं बोट आपोआप शुक्रवारच्या दुपारच्या सत्राकडे जातं. पहिली फिल्म पाठवायच्या तयारीत असलेल्या मुलींसाठी हे लिहिते आहे. शूट कसं करायचं, एडिट कशावर करायचं हे तुम्हाला ठाऊकच असेल. मला एका सहीबद्दल बोलायचं आहे.

फिल्म २२ मिनिटांची होती, मंडईजवळ गजरे विकणाऱ्या मायलेकींवरची. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून मोगरा आणण्यापासून रात्री उरलेल्या गजऱ्यांचं काय करायचं इथपर्यंत. माझ्याकडे कॅमेरा नव्हता. कॉलेजातल्या एका सिनियरकडे कॅमेरा होता, लेन्सेस होत्या, माइक होते आणि स्वतःची छोटी प्रॉडक्शन कंपनीही होती. तो म्हणाला, "भाडं नको. निर्माता म्हणून आमच्या कंपनीचं नाव टाक, बास." मी आनंदाने टाकलं. प्रवास, मावशींचं मानधन, साउंड मिक्सिंग, सबटायटल्स असा सगळा साठेक हजारांचा खर्च मी शिकवण्यांच्या पैशातून केला. नाव दिलं की उपकार फिटले, असं मला मनापासून वाटलं होतं.

निवड झाल्याची मेल आली आणि तिच्याबरोबर एक फॉर्म आला: हक्कधारकाचं संमतिपत्र. तोवर त्या सिनियरशी माझं बिनसलं होतं. पोस्टरवर त्याला 'छायालेखन' नको होतं, 'सहदिग्दर्शन' हवं होतं. मी नाही म्हटलं, त्याने सही केली नाही. आयोजक ताईंनी माझ्यासाठी मुदत चार दिवसांनी वाढवली, मला तीनदा फोन केला. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं, श्रेयनामावलीत निर्माता म्हणून त्यांचं नाव आहे. आम्ही काय करणार?" त्यांचं बरोबर होतं, याचाच जास्त त्रास झाला.

आता हे नीट वाचा, कारण मला कोणीच सांगितलं नव्हतं. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्यात चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. दिग्दर्शिका नव्हे. कल्पना तुमची, पहाटे चारला उठलात तुम्ही, घरच्यांची बोलणी खाल्लीत तुम्ही. तरी वेगळा करार नसेल तर फिल्मचा पहिला मालक निर्माता. निर्माता कोण, तर फिल्म घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती, असं कायदा म्हणतो. म्हणजे मी वकिलाकडे गेले असते तर खरी निर्माती मीच, हे बिलं दाखवून कदाचित सिद्ध करता आलं असतं. पण पडद्यावर मी स्वतःच्या हाताने दुसऱ्याचं नाव लिहिलं होतं, आणि हा निवाडा आठवडाभरात महोत्सवाने करावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

बरं, 'हक्क तुझेच ग' असं कोणी तोंडी म्हटलं तर त्यालाही अर्थ नाही. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर लेखी हवेत आणि देणाऱ्याची सही हवी. त्यातही एक खाच आहे. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या फिल्म ढाक्याला किंवा बर्लिनला निवडली गेली, की पुन्हा त्याच माणसाच्या दारात. म्हणून 'हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगासाठी' हे शब्द घालाच. पैसे तुमचे असतील तर सरळ 'निर्मिती' पुढे तुमचं नाव लिहा. ज्याने कॅमेरा दिला त्याचे 'कॅमेरा सौजन्य' म्हणून आभार माना, शक्य असेल तर भाडं द्या. फुकटचा कॅमेरा सगळ्यात महाग पडतो, हे मी आता कोणाचीही भीड न ठेवता सांगते.

श्रेयाचा हिशेब पहिल्या दिवशी बोलायला आपण बायका लाजतो. लाजू नका. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी, १९१३ मध्ये, सरस्वतीबाई फाळके सगळ्या चमूचा स्वयंपाक करत होत्या आणि फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामंही करत होत्या. सिनेमाचे जनक म्हणून नाव एकाचंच राहिलं. उलट उदाहरण आपल्याच पुण्यातलं: सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. वर्षानुवर्षं दोघांचं नाव दिग्दर्शक म्हणून शेजारी शेजारी लागत आलं, 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं तेव्हाही. बाई आणि पुरुषाने मिळून काम करण्यात काहीच वावगं नाही. कोणी काय केलं हे आधी ठरलेलं असावं, एवढंच. आणि स्त्रियांच्या महोत्सवात याला जास्त वजन असतं, कारण काही ठिकाणी दिग्दर्शिका स्त्रीच हवी असा नियम असतो, तर काही ठिकाणी संकलन, छायालेखन, लेखन यांतल्या स्त्रियाही मोजतात. शेवटच्या क्षणी घुसलेलं एक 'सह' तुमचा अर्जच अपात्र ठरवू शकतं.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत. फिल्म मराठी असली तरी इंग्रजी सबटायटल्स करा आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. ऑनलाइन प्रत पासवर्ड घालून ठेवा. सगळ्यांसाठी खुली टाकलीत तर काही महोत्सव ती 'प्रदर्शित' धरतात. डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, निवड झाल्यावर करा, आधी खर्च नको. मागे रेडिओवर गाणं वाजत असेल तर तो प्रसंग काढा किंवा परवानगी घ्या, 'दहा सेकंद चालतात' ही निव्वळ अफवा आहे.

दर महिन्याला निकाल लावणाऱ्या, फी भरली की पदक देणाऱ्या ऑनलाइन महोत्सवांकडे वळूही नका. पोस्टरवर त्यांच्या निवडचिन्हांची, त्या दोन डहाळ्यांच्या पानांची माळ छान दिसते, पण जाणकार परीक्षक ती ओळखतात. मार्गदर्शकांबद्दलही माझं मत ठाम आहे: नावाजलेल्या दिग्दर्शकामागे फिरण्यापेक्षा एखादी चांगली संकलक गाठा. बीना पॉल इथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकल्या आणि पुढे केरळच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या कलात्मक संचालक झाल्या. संकलकाला तुमची फिल्म कुठे खोटी पडते ते दिसतं, आणि ती ते तोंडावर सांगते. मला सांगणारी अशी एक भेटली, तिच्यामुळे मी टिकले.

घाबरवायचं नाही मला. महोत्सवाच्या बायका तुमच्या बाजूच्या असतात, नवीन मुलीची चूक सांभाळून घेतात. फॉर्म कळला नाही तर बेधडक विचारा. निवड झाली नाही तर फिल्म वाईट होती असंही समजू नका. २२ मिनिटांची जागा कधीकधी वेळापत्रकातच नसते.

आमच्या एका जुन्या सरांनी मध्यस्थी केली आणि आठ महिन्यांनी मला सही मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. परीक्षक वेगळे होते, फिल्म निवडली गेली नाही. मग मंडईजवळच्या एका गणेश मंडळाच्या खोलीत, भिंतीला चादर लावून दाखवली. मावशींनी लेकीच्या केसात गजरा माळला होता. फिल्म संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "एवढे दिवस कुठं ठेवली होतीस गं?"

आता दुसरी फिल्म तयार आहे. फाइलमध्ये सगळ्यांचे कागद लावले आहेत, फक्त साउंड रेकॉर्ड करणाऱ्या मुलीची सही राहिली आहे. ती सोमवारी नगरहून येते आहे. तोवर अर्जाचं पान मी उघडलेलं नाही.