वायुवाहिनीखालच्या जमिनीची अडकलेली भरपाई कशी सोडवायची

गोव्यात जमिनीवर तेल-वायूच्या विहिरी नाहीत. असत्या, तरी जमीनमालकाच्या हाती रॉयल्टी आली नसती. आपल्या देशात तेल-वायू काढण्याचा परवाना सरकार देतं आणि रॉयल्टीही सरकारलाच जाते. इथल्या भाटकाराचा (जमीनमालकाचा) किंवा कुळाचा या धंद्याशी पैशाचा संबंध येतो तो वाहिनीमुळे, म्हणजे गॅसच्या पाइपलाइनमुळे. दाभोळ-बेंगळुरू वायुवाहिनीची शाखा गोव्यात आलेली आहे. अशी वाहिनी ज्याच्या शेतातून किंवा कुळागरातून (माड-पोफळीच्या बागेतून) जाते, त्याला १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्याखाली भरपाई मिळते. ही भरपाई वर्षानुवर्षं अडकून पडते, आणि बहुतेक वेळा भांडण चुकीच्या दाराशी चाललेलं असतं.

आधी हक्क काय ते पाहू. या कायद्यात सरकार जमीन घेत नाही, फक्त जमिनीखालून वाहिनी नेण्याचा वापर-हक्क घेते. मालकी तुमचीच राहते. त्या पट्ट्यावर भात लावता येतं, भाजी करता येते. घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळी खणता येत नाही, झाड लावता येत नाही. म्हणजे माड, पोफळ, काजू, आंबा गेला तो त्या पट्ट्यापुरता कायमचा गेला. भरपाईचे म्हणून दोन भाग असतात. पहिला, प्रत्यक्ष नुकसानीचा: तोडलेली झाडं, उभं पीक, फुटलेला बांध, मोडलेला पाट, जमिनीचे दोन तुकडे झाल्याने काही काळ बुडालेलं उत्पन्न. दुसरा, वापर-हक्काचा: कलम ३(१) ची अधिसूचना, म्हणजे वापर-हक्क घेण्याचा इरादा सांगणारी सरकारी जाहिरात, ज्या तारखेला निघाली, त्या तारखेच्या बाजारभावाच्या १० टक्के. समजा तुमचा ६०० चौरस मीटरचा पट्टा गेला आणि त्या दिवशीचा भाव चौरस मीटरला ₹१,५०० धरला, तर जमिनीची किंमत ₹९,००,००० आणि तुमचा हक्क ₹९०,०००. आजचा भाव धरून मागणी केली, तर अर्ज पहिल्याच वाचनात कमजोर पडतो.

रक्कम ठरवतो तो सक्षम प्राधिकारी, म्हणजे या कायद्याखाली नेमलेला अधिकारी. कंपनीचा साइट इंजिनियर नव्हे, ठेकेदार तर नव्हेच. त्यांच्याकडे मारलेल्या खेपा फुकट जातात. सक्षम प्राधिकारी कोण, हे भारताच्या राजपत्रातल्या अधिसूचनेत असतं. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग आणि क्षेत्रफळही तिथेच असतं. ती प्रत आधी मिळवा आणि पोटविभाग नीट जुळवून पाहा. ४५/२ ऐवजी ४५/३ छापलं गेलं, की पैसे शेजाऱ्याच्या नावावर बसतात.

मग पैसे नेमके कुठे थांबलेत ते लेखी विचारा. अर्ज लांबलचक नको, पण मुद्दे सुटे हवेत:

«मौजे ____, सर्व्हे नं. ____, पोटविभाग ____ या जमिनीतील वापर-हक्काबाबत कृपया कळवावे: (१) कलम १० खाली ठरवलेली भरपाई व तिचा हिशेब, झाडे, पीक आणि जमीन असा वेगवेगळा, (२) ती रक्कम कलम ११ खाली आपल्याकडे जमा झाल्याची तारीख, (३) वाटप थांबवले असल्यास त्याचे कारण, आणि कोणाची हरकत असल्यास तिची प्रत, (४) वाद जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवला असल्यास त्याची तारीख व क्रमांक.»

पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. उत्तर आलं नाही तर हेच चार प्रश्न माहिती अधिकाराखाली विचारा. केंद्रीय कार्यालयासाठी शुल्क ₹१०, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील. या उत्तरावरून तुमचं भांडण कुठलं ते कळतं: नावाचं, वाट्याचं, दराचं की नुसत्या दिरंगाईचं. प्रत्येकाची वाट निराळी आहे.

गोव्यात सर्वांत जास्त अडतं ते नावावर. फॉर्म एक-चौदावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर, सर्व्हेच्या वेळचं नाव असतं, म्हणजे बरेचदा आजोबांचं. ते वारले, मुलं वाटली गेली, कोण मुंबईला, कोण लिस्बनला, आणि उताऱ्यात काहीच बदललं नाही. एक-चौदावरच्या नोंदी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. पण हा उतारा म्हणजे मालकीचा दस्त नव्हे. सोबत मात्रीज (पोर्तुगीज काळची जमीन-कराची नोंद), विक्रीखत किंवा पोर्तुगीज काळचा भू-नोंदणीचा उतारा जोडा, आणि पोर्तुगीज कागदाचं भाषांतर करून द्या, नाहीतर फाइल तेवढ्यासाठीच परत येते.

वारसांसाठी दोन वाटा आहेत, दोन्ही गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यातल्या. सगळ्यांचं पटत असेल तर विशेष नोटरीकडे, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे, वारस-दस्त करा. त्यातून वारस कोण ते ठरतं, कुठला तुकडा कोणाचा ते ठरत नाही. पण सगळ्यांची संमती असेल तर भरपाई वाटायला एवढं चालू शकतं. पटत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी मागणारा अर्ज, दाखल करावी लागते. त्या यादीत जमीन तर घालाच, शिवाय येणं असलेली भरपाई वेगळी बाब म्हणून नोंदवा. ती राहून गेली तर जमिनीची वाटणी झाल्यावरही पैशासाठी पुन्हा सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

नवराबायकोची बाब इथे विसरायची नाही. गोव्याच्या कायद्यात, वेगळा विवाहपूर्व करार नसेल, तर मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. एक-चौदावर बायकोचं नाव दिसत नाही म्हणून तिची सही घेतली नाही, तर पुढे तिच्या माहेरचा एकजण हरकत घेऊन उभा राहिला तरी सारं थांबतं. संमतीपत्रावर प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही घ्या. पोर्तुगाल किंवा ब्रिटनमधल्या भावंडाचं मुखत्यारपत्र तिथे अपोस्टील (परदेशात चालण्यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण) करून मागवा आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथली स्टॅम्प ड्युटी भरा. नावाच्या स्पेलिंगमध्ये पोर्तुगीज वळण असेल, एका कागदावर नाईक आणि दुसऱ्यावर नायक असेल, तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा.

कूळ आणि भाटकार यांच्यातला वाद वेगळा. पिकाचे पैसे ज्याने पीक लावलं त्याचे, हे बहुतेक भाटकारही मानतात. खरा वाद १० टक्क्यांचा असतो. २० एप्रिल १९७६ पासून कृषी कूळ जमिनीचा मालक मानला गेला, पण खरेदी-प्रमाणपत्र अजून हाती न आलेली कुळं पुष्कळ आहेत. अशा कुळाने एक-चौदावरच्या कुळाच्या रकान्याची प्रत आणि जुन्या खंडाच्या पावत्या घेऊन स्वतःचा लेखी दावा नोंदवायचा. गप्प राहिलं तर पैसे कब्जेदाराच्या, म्हणजे उताऱ्यावरच्या मालकाच्या, नावे जातात आणि ते परत मिळवणं फार कठीण. जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेची) किंवा देवस्थानाची असेल, तर पैसे संस्थेला मिळतात, एकट्या गावकाराला किंवा महाजनाला नाही. अर्ज मुखत्यारामार्फत, ठरावासह जायला हवा.

वाट्यावर एकमत होत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याने तो वाद जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवायचा असतो, हे त्याचं कर्तव्य आहे. «तुम्ही आपापसात मिटवून या» असं सांगून फाइल कपाटात ठेवता येत नाही. म्हणून लेखी मागा: वादातला हिस्सा न्यायाधीशांकडे पाठवा, ज्या हिश्श्यावर वाद नाही तो आत्ताच द्या. चार भावांपैकी एकाचंच भांडण असताना तिघांचे पैसे अडवायचं कारण नाही.

दर मान्य नसेल तर मात्र कुणी पाठवायची वाट पाहू नका. भरपाईची सूचना मिळाल्यापासून ९० दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे स्वतः अर्ज करावा लागतो. साधा दिवाणी दावा यासाठी चालत नाही. या दोन वाटांची गल्लत होते आणि ९० दिवस निघून जातात. पैसे नाकारूही नका. «हरकत राखून स्वीकारले» असं पावतीवर लिहून घ्या.

दरासाठी पुरावा म्हणजे अधिसूचनेच्या आधीची त्याच गावातली विक्रीखतं, सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित करून घेतलेली. सेटलमेंट झोनमधल्या, म्हणजे वस्तीसाठी राखलेल्या, प्लॉटचा भाव खाजन शेताला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताला) लावला तर न्यायालय बाजूला ठेवतं. झोनिंग सर्टिफिकेट काढून आपल्यासारख्याच जमिनीची विक्री शोधा. झाडांचा आकडा पंचनाम्यावर ठरतो. तिथे «माड: ८» एवढंच असेल तर सही करण्याआधी वय, फळ देणारा की नाही, वर्षाचे पाडे (नारळ पाडण्याच्या खेपा) किती, हे लिहायला लावा. झाडं उभी असतानाच, खुंट्या मारलेल्या पट्ट्यासकट, तारखेचे फोटो काढा आणि विभागीय कृषी अधिकाऱ्याकडून मूल्यांकन मागा. जेसीबी फिरल्यावर मोजायला काहीच उरत नाही.

आता नुसती दिरंगाई. ठरलेली रक्कम मुदतीत जमा केली नाही, तर प्रत्यक्ष जमा होईपर्यंत वर्षाला ६ टक्के व्याज द्यावं लागतं. म्हणून पहिल्या अर्जात जमा झाल्याची तारीख विचारलेली. पैसे जमा आहेत, हरकत कुणाची नाही, तरी वाटप होत नाही, अशी लेखी स्थिती हातात आली, की वकिलामार्फत नोटीस द्या. तरीही हललं नाही तर पर्वरीच्या उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. तिथे उपयोगी पडतात त्या शिक्का मारलेल्या पोचा, तारखेनुसार लावून ठेवलेल्या.