पळून जाणाऱ्यांची गोष्ट मुलांना सांगताना

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना अमेरिकेतल्या गुलामगिरीविषयी सांगताना मी फटके आणि बेड्यांपासून सुरुवात करत नाही. एलन आणि विल्यम क्राफ्ट या गुलाम नवरा-बायकोपासून करते. डिसेंबर १८४८ मध्ये दोघं जॉर्जियातल्या मेकनहून निघाले. एलन रंगाने उजळ. तिने केस कापले, पुरुषी कपडे चढवले आणि आजारी गोऱ्या मालकाचं सोंग घेतलं. विल्यम तिचा गुलाम म्हणून सोबत. तिचा उजवा हात झोळीत बांधलेला होता.

इथे थांबा आणि विचारा, हात का बांधला असेल? जखम, लपवलेले पैसे, मुलं काय वाटेल ते सुचवतात, सुचवू द्या. मग सांगा: हॉटेलच्या वहीत सही करावी लागे आणि एलनला लिहिता येत नव्हतं. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं जॉर्जियात गुन्हा होता. अन्याय म्हणजे काय, हे मुलांना इथे नेमकं कळतं.

नकाशा हवाच. मेकन, सवाना, चार्ल्सटन, बाल्टिमोर आणि शेवटी गुलामगिरी नसलेल्या राज्यातलं फिलाडेल्फिया: बोट फिरवत आगगाडी आणि आगबोटीचा प्रवास करू द्या.

‘आणि ते सुटले’ म्हणून गोष्ट संपवू नका. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवायला लावणाऱ्या १८५० च्या कायद्यानंतर पकडणारे ते राहत होते त्या बॉस्टनपर्यंत आले; दोघांना इंग्लंड गाठावं लागलं.

गुलामगिरीतून पळालेली हॅरिएट टबमन त्यानंतर घ्या. स्वतः सुटूनही ती इतरांना सोडवायला सुमारे तेरा वेळा परतली, जवळपास सत्तर जणांना घेऊन गेली.

मोठ्या मुलांना जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) अर्पणपत्रिका वाचायला द्या. ती अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना उद्देशून आहे. पुण्यातल्या माणसाने असं का केलं, ते त्यांनाच शोधू द्या.