कलनशास्त्र जमत नाही असे वाटते? मग आधी बीजगणितातल्या या चुका टाळा

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या गणिताच्या उत्तरपत्रिका वर्षानुवर्षे तपासल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते. कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) परीक्षेत जे गुण जातात, त्यांतले बरेचसे कलनशास्त्रामुळे जात नाहीत. अवकलनाचा (डिफरन्सिएशनचा) नियम बरोबर लिहिलेला असतो, समाकलनासाठी (इंटिग्रेशनसाठी) योग्य आदेशही (सब्स्टिट्यूशनही) सुचलेला असतो, आणि मग तिसऱ्या-चौथ्या ओळीत कंस सोडवताना किंवा काही तरी छेदताना सगळे कोसळते. विद्यार्थी मात्र पुन्हा कलनशास्त्राचेच प्रकरण वाचायला घेतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही स्थिती आहे. म्हणून पुढच्या चुकांपैकी पहिल्या दोन चुकांवर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण त्या सुटल्या तर पुढचे बरेचसे आपोआप सुटते.

सगळ्या क्रिया बेरजेवर वाटल्या जात नाहीत

(अ + ब)² = अ² + ब², √(अ² + ब²) = अ + ब, १/(अ + ब) = १/अ + १/ब, लॉग(अ + ब) = लॉग अ + लॉग ब, साइन(अ + ब) = साइन अ + साइन ब. या पाच चुका दिसतात, पण प्रत्यक्षात ही एकच चूक पाच वेश घेऊन येते. ३(अ + ब) = ३अ + ३ब हे शाळेत इतके घोटलेले असते की कंसाबाहेर काहीही दिसले तरी हात ते आतल्या प्रत्येक पदावर वाटून मोकळा होतो. बेरजेवर वाटले जाणे हा गुणाकाराचा गुणधर्म आहे, कंसाचा नाही. वर्ग, वर्गमूळ, व्यस्त, लॉग किंवा साइन यांना तो गुणधर्म नाही, आणि तो त्यांना कोणी दिलेलाही नाही.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी शंका घेऊन येत असे. अतिशय कष्टाळू मुलगी होती, पण लिमिट (क्ष एखाद्या किमतीकडे जाताना राशी कोणत्या किमतीकडे जाते ते) हा विषय आपल्याला कधीच समजणार नाही, अशी तिची खात्री झाली होती. तिने लिमिटची व्याख्या पाठ केली होती, त्यावरचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले होते आणि सोडवलेली उदाहरणे वहीत उतरवून काढली होती. मी तिला एक उदाहरण माझ्यासमोर सोडवायला सांगितले. क्ष शून्याकडे जात असताना (√(क्ष² + ९) − ३)/क्ष² चे लिमिट काढायचे होते. तिने √(क्ष² + ९) च्या जागी क्ष + ३ लिहिले, ३ वजा केले, क्ष/क्ष² चे १/क्ष केले आणि लिमिट अनंत आहे, असा निष्कर्ष काढला. पुस्तकातले उत्तर १/६ होते.

मी तिला क्ष = ०.१ घेऊन मूळ राशीची किंमत कॅल्क्युलेटरवर काढायला सांगितले. ती सुमारे ०.१६६६ आली. तिच्या १/क्ष प्रमाणे ती १० यायला हवी होती. तिने आधी कॅल्क्युलेटरची बटणे पुन्हा दाबून पाहिली. मग ती चूक शेवटच्या ओळीत शोधू लागली, कारण लिमिट तिथे घेतले होते आणि लिमिटच आपल्याला येत नाही, हे तिने आधीच ठरवून टाकले होते. पहिल्या ओळीकडे तिचे लक्षही गेले नाही. तेव्हा मी फक्त क्ष = ४ घ्यायला सांगितले. √(१६ + ९) म्हणजे ५, आणि ४ + ३ म्हणजे ७. ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिली. नंतर अंश आणि छेद दोन्हींना √(क्ष² + ९) + ३ ने गुणल्यावर क्ष² निघून गेला, १/(√(क्ष² + ९) + ३) उरले आणि १/६ हे उत्तर तिने स्वतःच काढले. तिच्या जुन्या चाचण्यांचे कागद काढून पाहिले, तर लाल खुणांपैकी बहुतेक खुणा याच जातीच्या होत्या. तिला लिमिट येत होते. सबंध सत्रभर ती जे येत होते तेच पुन्हा शिकत होती, आणि ते पाहून मला फार वाईट वाटले.

यावर माझी सवय साधी आहे. कोणत्याही ओळीबद्दल शंका आली की मी अक्षरांच्या जागी ३ आणि ५ घालून दोन्ही बाजू पडताळून पाहतो. शून्य आणि एक हे आकडे मी टाळतो, कारण (अ + ०)² = अ² + ०² हे खरेच असते आणि चूक झाकली जाते. दोन्हीकडे २ घेणेही धोक्याचे आहे, कारण २ + २ आणि २ × २ सारखेच येतात. आकडे जुळले म्हणून ओळ सिद्ध होत नाही, पण जुळले नाहीत तर ती ओळ खोटी आहे एवढे नक्की ठरते, आणि त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. एवढा वेळ नाही असे म्हणणारे विद्यार्थी नंतर त्याच ओळीच्या आधारावर दोन पाने लिहितात, ते मला कधीच पटलेले नाही.

हीच चूक पुढे अवकलनात गुणाकाराच्या वेशात येते. दोन फलनांच्या (फंक्शन्सच्या) गुणाकाराचा अवकलज (डेरिव्हेटिव्ह) म्हणजे त्यांच्या अवकलजांचा गुणाकार, असे नवशिक्याला अगदी स्वाभाविक वाटते. लाइब्निझनेही १६७५ च्या नोव्हेंबरमधील आपल्या टिपणांत हा प्रश्न स्वतःला विचारला होता. त्याने साधे उदाहरण घेऊन पडताळणी केली आणि तसे होत नाही, असे ठरवले. क्ष गुणिले क्ष घ्या. दोघांचे अवकलज १, त्यांचा गुणाकार १, पण क्ष² चा अवकलज २क्ष. कलनशास्त्र घडवणाऱ्याला पडताळणी करावीशी वाटली, तर ते शिकणाऱ्याने ती टाळण्याचे कारण नाही.

याच कुळातली एक छोटी चूक म्हणजे √(क्ष²) = क्ष. बरोबर उत्तर |क्ष| हे आहे. क्ष ऋण अनंताकडे जात असताना √(क्ष² + १)/क्ष चे लिमिट १ नसून −१ आहे, आणि तिथे नेमका हाच फरक नडतो.

भागताना उत्तरे हरवतात, वर्ग करताना नको ती उत्तरे येतात

साइन २क्ष = साइन क्ष हे समीकरण शून्य ते २ पाय या अंतरात (शून्य धरून, २ पाय वगळून) सोडवायला दिले, की निम्मा वर्ग २ साइन क्ष कॉस क्ष = साइन क्ष असे लिहून दोन्हीकडचा साइन क्ष छेदून टाकतो. कॉस क्ष = १/२ मिळते, पाय/३ आणि ५ पाय/३ ही दोन उत्तरे येतात आणि पेन खाली ठेवला जातो. साइन क्ष शून्य असताना मिळणारी ० आणि पाय ही दोन उत्तरे त्या छेदण्याबरोबर नाहीशी झाली, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. शून्य असू शकणाऱ्या राशीने भागायचे नसते. सगळे एका बाजूला आणायचे, अवयव पाडायचे आणि प्रत्येक अवयव शून्य ठेवून पाहायचा. क्ष³ = ४क्ष मध्येही हेच घडते. तिथे उत्तरे तीन आहेत, पण छेदणाऱ्याला दोनच मिळतात.

वर्ग करताना याच्या उलट होते. √(क्ष + ३) = क्ष − ३ चे दोन्हीकडे वर्ग केले की क्ष² − ७क्ष + ६ = ० मिळते, आणि त्यातून क्ष = १ किंवा ६. आता १ मूळ समीकरणात घालून पाहा. डावी बाजू २, उजवी −२. हे उत्तर समीकरणाचे नव्हतेच. दोन संख्यांचे वर्ग सारखे असले म्हणजे त्या संख्या सारख्या असतातच असे नाही, आणि वर्ग करण्याच्या पायरीवरून मागे फिरताना ही अडचण येते. म्हणून वर्ग केल्यानंतर मूळ समीकरणात उत्तर घालून पाहणे हा सोडवणुकीचाच भाग आहे. वेळ उरला तर करायचे ते जादा काम, असे त्याकडे पाहू नये.

या चुकीचे मूळ मला शाळेतल्या मंत्रांमध्ये दिसते. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’, ‘तिरकस गुणाकार करा’, ‘वरचे खालचे काटा’ हे मंत्र लवकर पाठ होतात आणि सोप्या उदाहरणांत चालूनही जातात, पण दोन्ही बाजूंवर आपण नक्की कोणती क्रिया करत आहोत आणि ती उलटवता येते का, हा प्रश्न ते विचारूच देत नाहीत. १/क्ष < २ या असमीकरणात दोन्हीकडे क्ष ने गुणून क्ष > १/२ असे उत्तर देणारा विद्यार्थी याच मंत्रांवर वाढलेला असतो. क्ष ऋण असेल तर गुणताना चिन्हाची दिशा उलटते, आणि सगळे ऋण क्ष हे या असमीकरणाचे उत्तर आहेत. मी प्रत्येक पायरीशेजारी उजव्या समासात अट लिहितो: ‘क्ष शून्य नाही’, ‘क्ष धन’, ‘वर्ग केला, तपासणे’. उत्तर आल्यावर आधी समास वाचतो आणि मगच उत्तराखाली रेघ ओढतो.

बरोबरचे चिन्ह

हे चिन्ह गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापले, ते दोन गोष्टी समान आहेत असे सांगण्यासाठी. ‘यानंतर पुढची पायरी’ असा त्याचा अर्थ नाही. क्ष² चा अवकलज काढताना ‘क्ष² = २क्ष’ असे लिहिणाऱ्याचे उत्तर बरोबर असू शकते, पण त्याने लिहिलेले विधान खोटे आहे, आणि पुढे याच विधानाचा आधार घेऊन तो खरोखर चुकतो. एका ओळीत एकच समानता लिहावी.

आता कलनशास्त्रातल्या चुका

साखळी नियमात, म्हणजे फलनाच्या आत फलन असताना अवकलन करताना, आतल्या फलनाचा अवकलज विसरला जातो. साइन ३क्ष हे फलन साइन क्ष च्या तिप्पट वेगाने वरखाली होते, त्यामुळे शून्यापाशी त्याचा उतार १ असणे शक्यच नाही, तो ३ असला पाहिजे. एवढा विचार केला तरी चूक पकडता येते.

घाताचा नियम घातांक स्थिर असतानाच लावावा. पाया क्ष आणि घातांकही क्ष असेल, तर आधी दोन्हीकडे नैसर्गिक लॉग घ्यावा.

कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून साइन क्ष/क्ष चे लिमिट पडताळू नये. क्ष = ०.१ घेतल्यावर रेडियनमध्ये सुमारे ०.९९८३ येते, अंशांवर ०.०१७४५. साइनचा अवकलज कॉस येतो तो फक्त रेडियनमध्ये.

लोपितालच्या नियमाबद्दल मात्र मला जरा स्पष्ट बोलायचे आहे. हा नियम १६९६ मध्ये छापून आला आणि तो मुळात योहान बर्नुलीचा होता. आज तो अधीर विद्यार्थ्यांच्या हातातले सर्वांत आवडते हत्यार झाला आहे. अपूर्णांकाचे लिमिट दिसले की अंश आणि छेद यांचे वेगवेगळे अवकलन करायचे, एवढेच त्यांना आठवते. क्ष शून्याकडे जात असताना (क्ष + १)/(क्ष + २) चे लिमिट सरळ किंमत घालून १/२ येते, पण नियम लावणाऱ्याला १ मिळते, कारण शून्य भागिले शून्य किंवा अनंत भागिले अनंत असे रूप असल्याशिवाय हा नियम लागूच होत नाही. साइन क्ष/क्ष साठी तो वापरणे तर वर्तुळात फिरणे आहे, कारण साइनचा अवकलज काढताना हेच लिमिट आधी वापरलेले असते. मी विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात हा नियम वापरू देत नाही. अवयव, संयुग्मी राशी (वर √(क्ष² + ९) + ३ ने गुणले तशी) आणि मोठ्या घाताने भागणे हे हातात बसल्यावर तो खुशाल वापरावा.

−१ ते १ या मर्यादांत १/क्ष² चे समाकल काढायला सांगितले, की −१/क्ष मध्ये मर्यादा घालून −२ हे उत्तर हमखास येते. जे फलन कुठेही ऋण नाही, त्याच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ ऋण कसे येईल, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडायला हवा होता. शून्यापाशी हे फलन अमर्याद वाढते, त्यामुळे कलनशास्त्राचे मूलभूत प्रमेय इथे लावता येत नाही, आणि हे समाकल अपसारी आहे, म्हणजे त्याला सांत किंमत नाही. समाकलन सुरू करण्यापूर्वी आलेखाचे कच्चे चित्र काढा, एवढेच माझे सांगणे आहे. आदेश वापरला असेल तर मर्यादाही त्याच वेळी बदलून लिहाव्यात.

अवकलज शून्य म्हणजे महत्तम किंवा लघुतम असे नाही; क्ष³ शून्यापाशी पाहा. तसेच श्रेढीची (अनंत बेरजेची) पदे शून्याकडे जातात म्हणून श्रेढी अभिसारी, म्हणजे सांत बेरीज असलेली, ठरत नाही. १ + १/२ + १/३ + … ही श्रेढी अपसारी आहे, हे विद्वान निकोल ओरेमने चौदाव्या शतकातच दाखवले होते.

शेवटी समाकलनातला स्थिरांक ‘क’. तो न लिहिल्याबद्दल एक गुण कापला जातो, म्हणून तो केवळ शिष्टाचार आहे असे विद्यार्थ्यांना वाटते. १/क्ष चे समाकल खंडशः (इंटिग्रेशन बाय पार्ट्सने) काढून पाहा: एक फलन १/क्ष, दुसऱ्याचे समाकल क्ष. मिळते ते असे, की १/क्ष चे समाकल = १ + १/क्ष चे समाकल. स्थिरांक विसरणारा इथे दोन्हीकडचे समाकल छेदून ० = १ सिद्ध करून बसतो. २ साइन क्ष कॉस क्ष चे समाकलही एकाला साइन² क्ष मिळते, दुसऱ्याला −कॉस² क्ष, आणि दोघेही बरोबर असतात, कारण त्यांच्यात फक्त १ चा फरक आहे. तेव्हा पुस्तकातल्या उत्तराशी आपले उत्तर जुळले नाही, तर लिहिलेले सगळे खोडण्याआधी दोन्ही उत्तरांचे अवकलन करून पाहा.